मिसेस लुएला मेब्री यांचे यजमान

डोव्हर्स फेरी, मिसिसिपी
३ ऑगस्ट १९३१

प्रिय सायरसदादा,

पत्रास कारण की, तुझ्या ‘प्रेअरी ट्रम्पेट’च्या अठरा जुलैच्या अंकात माझं लग्न झालेलं आहे. मला आधी कुणी कळवलं नव्हतं, म्हणून विचारते.

अंक उशिरा पोचला. रेल्वेतले आपले काळे पोर्टर फाटकापाशी गठ्ठा फेकतात, तो या वेळी डबक्यात पडला. अकराच्या अकरा प्रती मला अंगणातल्या दोरीवर वाळत घालाव्या लागल्या. त्यामुळे मी वाचायच्या आधी माझं लग्न रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाचलं.

गेली बारा वर्षं इथली बातमी मीच तुला पाठवते. कोण आजारी, कोण कुणाकडे पाहुणं, कुणाला मुलगा झाला. स्वतःची बातमी मी कधी घातली नाही. या वेळी प्रथमच लिहिलं, ‘माउंट पिस्गा चर्चच्या सहलीत लुएला मेब्री यांनी दोन गाणी म्हटली.’ आपल्याच हातानं आपल्याच नावाआधी ‘मिस’ लावायला लाज वाटली, ही माझी चूक. पण तू छापलंस, ‘मिसेस लुएला मेब्री.’

काल पाद्र्यांची बायको मिसेस गँट केक घेऊन आली. “कधी झालं गं?” म्हणाली. मी म्हटलं, काय? “आता माझ्यापासून काय लपवतेस,” म्हणाली, केक टेबलावर ठेवला आणि गेली. केक लिंबाचा होता. मी खाल्ला. लग्न त्यावरून पक्कं धरलं गेलं असावं.

पुढच्या अंकात एका ओळीत दुरुस्ती छाप, म्हणजे विषय मिटेल. शाळेचा करार कापूस वेचून झाल्यावर नोव्हेंबरात होतो. त्याआधी मला पुन्हा अविवाहित व्हायला हवं.

तुझी बहीण,
लुएला

—

ओमाहा, नेब्रास्का
१२ ऑगस्ट १९३१

प्रिय लू,

तुझं पत्र यूबँक्सला वाचून दाखवलं. तो सतरा वर्षं माझ्याकडे छपाईचे खिळे जुळवतोय आणि त्याला हसताना मी दोनदाच पाहिलंय. हे दुसऱ्यांदा.

दोष त्याचा नाही. त्याच्या डोक्यावर भिंतीला नियम लावलेला आहे, मोठ्या टायपात : ‘आपल्या माणसाचं नाव नागडं छापायचं नाही. पुरुष तो मिस्टर. तिशीपुढची बाई ती मिसेस. चौकशी करायची नाही.’ शेवटच्या वाक्याखाली रेघ आहे. तुझं नाव नागडं आलं, त्यानं कपडे चढवले.

हा नियम का, ते तुला माहीत आहे, तरी सांगतो. वय झाल्यावर माणूस सांगितलेलंच सांगतो. माझी आई, तुझी कॅलीआत्या, गेली तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. आपल्या माणसाला मिस्टर-मिसेस कधीच न लावणाऱ्या तिथल्या गोऱ्यांच्या साप्ताहिकात दीड ओळ आली : ‘आंटी कॅली, जुनी धोबीण, मंगळवारी वारली.’ त्याच पानावर जज्जच्या शिकारी कुत्र्याच्या निधनाला नऊ ओळी होत्या, आणि कुत्र्याला आडनाव होतं. मामीनं ते कात्रण मला इकडे पाठवलं. मी तेव्हा एका स्वीडिश माणसाच्या छापखान्यात फरशी पुसत होतो. त्यानं टाकून दिलेलं हातयंत्र घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. त्या घरातल्या बिऱ्हाडांनी सहा महिने शाई लागलेले पॅनकेक खाल्ले. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ होती : ‘मिसेस कॅली मेब्री यांचे डोव्हर्स फेरी येथे निधन झाले.’ खरं सांगू, मला छापायची होती ती ओळ छापून झाली होती. तिच्याखाली चार पानं रिकामी उरली म्हणून पेपर काढला. ती अजून भरतोय.

आता दुरुस्ती. बावीस वर्षांत ‘ट्रम्पेट’नं दुरुस्ती छापलेली नाही. गोरे आमची चूक शोधायला भिंग घेऊन बसलेत. आपण होऊन बोट कशाला दाखवायचं? तेव्हा तू मिसेस म्हणून मिरव. नवरा नसताना मिसेस असणं याहून सुखाची अवस्था मला माहीत नाही. मोजे धुवावे लागत नाहीत.

सहलीत वांगी कुणी तळली होती ते लिहायचं राहिलं. इकडचे लोक विचारतात. तिकडून येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांना पहिल्यांदा तेच वाचायचं असतं.

सायरस

—

डोव्हर्स फेरी
२४ ऑगस्ट १९३१

दादा,

आता हसू नकोस. जिल्ह्याचे गोरे शाळा-अधिकारी मिस्टर स्ट्राउड यांनी मला बोलावलं होतं. करारात कलम आहे, विवाहित बाईला शाळेवर ठेवता येत नाही. टेबलावर तुझा अंक होता, अंगणात वाळवलेल्यांतलाच. कोपऱ्याला चिमट्याची खूण मी ओळखली. तो तिथे नेऊन दिला आपल्या चर्चचे कारभारी डीकन टिब्ज यांनी. त्यांची भाची शिकून आली आहे आणि तिला शाळा हवी आहे. गावात शाळा एकच, बाई एकच.

“लुएला,” स्ट्राउड म्हणाले, “तुझा नवरा कोण?”

“नवरा नाही, साहेब.”

“मग पेपरात?”

“पेपरात चुकलंय.”

“म्हणजे तुम्हा लोकांचा पेपर खोटं छापतो तर.”

दादा, त्या खोलीत खुर्च्या चार होत्या आणि मी उभी होते. हो म्हणावं तर तुझा पेपर खोटा. नाही म्हणावं तर मी विवाहित. मी म्हटलं, “पेपर खरा आहे, साहेब. फक्त नवरा नाही.” त्यांनी ते लिहून घेतलं.

माझा शब्द त्यांना चालत नाही. पेपरात बिघडलंय ते पेपरातच दुरुस्त झालेलं हवं. नाहीतर दोन नोव्हेंबरला शाळा उघडेल ती टिब्ज यांच्या भाचीच्या हातानं. आणि गंमत बघ. एकवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकवतेय. या माणसानं एकदाही मला मिस म्हटलं नाही. आता मी मिस असल्याचा त्यांना छापील पुरावा हवाय.

गावानं मला तीन नवरे सुचवले होते. त्यातला एक वारलेला आहे, दुसरा मेथडिस्ट, म्हणजे भलत्याच पंथाचा. शेवटी टिब्ज यांनी न्हाव्याच्या दुकानात निकाल लावला. “बाईचं लग्न झालं की आडनाव बदलतं. हिचं मेब्रीच आहे. म्हणजे नवरा मेब्री. मेब्र्यांमध्ये बिनलग्नाचा एकच उरलाय, तो ओमाहाला. म्हणून तर त्यानं स्वतःच्या पेपरात छापलं.” तर्कात कुणाला भोक सापडेना. मलाही सापडत नाहीये, आणि इथली भूमितीची बाई मी आहे.

तर यजमान, कृपा करून एक ओळ छापावी.

लुएला

—

ओमाहा
५ सप्टेंबर १९३१

प्रिय लू,

काम झालं. आजचा अंक बघ, तिसरं पान, खालचा कोपरा : ‘डोव्हर्स फेरीच्या मिस लुएला मेब्री यांच्या अंगणात यंदा भेंडी उत्तम आली आहे.’ मिस. छापील. दुरुस्ती शब्द न वापरता दुरुस्ती. तो अंक स्ट्राउडच्या नाकासमोर धर. बावीस वर्षांत माणूस काहीतरी शिकतोच.

तुझी भेंडी खरंच आली असेल अशी आशा आहे. ‘ट्रम्पेट’ खोटं छापत नाही.

सायरस

—

डोव्हर्स फेरी
१९ सप्टेंबर १९३१

दादा,

तू मला सोडलंस.

जुलैत मिसेस, सप्टेंबरात मिस. या गावाला वाचायला मीच शिकवलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? मिसेस गँट आली, आणि या वेळी केक नव्हता. मागच्या केकची ताटली परत न्यायला आली होती. माझा हात धरून बसली. “पुरुष असेच असतात गं. पण बाईला सोडायचं आणि ते भेंडीच्या बातमीत छापायचं?” बुधवारी महिला मंडळानं तुझं मन वळावं म्हणून प्रार्थना केली. मीही तिथे होते. काय करणार, माझं मंडळ आहे. डोळे मिटून बसले आणि एका जागी मलाही वाटलं, याला काही दयामाया आहे की नाही.

स्ट्राउड म्हणाले, घटस्फोटितेबद्दल करारात कलम नाही, पण ते घालून घेतील. मी म्हटलं, साहेब, लग्नच झालेलं नाही. ते म्हणाले, “लुएला, तुमच्याच पेपरात दोन्ही आहे. मी कुठलं खरं धरू?” पहिल्यांदाच मला त्यांचं म्हणणं पटलं. त्याचीच मला भीती वाटली.

भेंडीला कीड लागली, तेही कळवते.

आता ऐक. मला चलाखी नको. दोन शब्द हवेत : ‘आमची चूक.’ तू मेयरविरुद्ध लिहिलंस. कत्तलखान्याच्या मालकांची नावं छापलीस. तुझ्या काचा दोनदा फुटल्या आणि दोन्ही वेळा तू पुठ्ठे लावून अंक वेळेवर काढलास. इथे आम्ही ते मोठ्यानं वाचलं. त्या माणसाला ‘चूक’ लिहिता येत नाही? तू कुणाला घाबरतोयस? मला तर नाही. टिब्ज यांना नाही. मग कुणाला?

लुएला

—

ओमाहा
१ ऑक्टोबर १९३१

प्रिय लू,

तू विचारलंस कुणाला. मी चार दिवस विचार केला.

दुरुस्ती मी चार वेळा लिहिली. यूबँक्सनं चारही वेळा जुळवली. चारही वेळा मी खिळे काढून परत खणांत टाकले. चौथ्यांदा तो म्हणाला, “मिस्टर मेब्री, मजकुरात दोष आहे का?” मी म्हटलं, नाही. “टायप बारीक हवा?” नाही. “मग?” मी म्हटलं, यूबँक्स, तुला कामं नाहीत का? तो म्हणाला, “होती. तुम्ही तीच चार वेळा मोडलीत.”

इकडेही गोंधळ कमी नाही. चोविसाव्या रस्त्यावरून चालवत नाही. निम्मे लोक अभिनंदन करतात, निम्मे सांत्वन, आणि कोण कुठल्या अंकापर्यंत आलाय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. घरमालकिणीनं माझ्या खोलीला नवे पडदे लावले आणि मग पुन्हा जुनेच लावले. टोपेकाच्या एका वर्गणीदार बाईनं दोन उशांचे अभ्रे पाठवलेत, दोन्हींवर ‘एम’ भरलेला. एका उशीवर मी झोपतो. दुसरीकडे बघितलं की अपराधी वाटतं. नसलेल्या बायकोला सोडल्याचं दुःख होऊ शकतं का, हे मला कुणाला विचारावं कळत नाही.

तू इकडे ये. महिलांचं पान तुझ्या हाती देतो. इथे कुणी कलम दाखवणार नाही.

कारण लू, एक ‘मिसेस’ मागे घेतली की लोक बाकीच्या तपासायला लागतात. आणि ज्या बाईचं आडनाव माहेरचंच राहिलंय, तिच्यापासून सुरुवात करतात.

हे शेवटचं वाचू नकोस. नवा कागद घ्यायचा कंटाळा आला म्हणून तसंच पाठवतोय.

सायरस

—

डोव्हर्स फेरी
९ ऑक्टोबर १९३१

प्रिय दादा,

वाचू नकोस म्हणालास ते आधी वाचलं.

कॅलीआत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण. मेब्री म्हणून जन्मली, मेब्री म्हणून गेली. तूही मेब्री. मध्ये कुणी दुसरा आडनावाचा माणूस आला असता तर तुझ्या पेपरावर त्याचं आडनाव असतं. न्हाव्याच्या दुकानातला तो तर्क आत्याला लावून बघ. तुला वाटतं, तो अजून कुणी लावलेला नाही, आणि माझ्या दुरुस्तीनं लोकांना सुचेल. म्हणून खिळे मोडतोयस.

दादा, आत्याचं लग्न झालं नव्हतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. तू पाळण्यात होतास तेव्हापासून.

आता तुला न सांगितलेलं सांगते. तुझा पहिला अंक आला तेव्हा तो मी वाचून दाखवला होता. चर्च सुटलं होतं, चाळीसेक माणसं अंगणात उभी होती, आणि झरझर वाचणारी मी एकटी. मी घडी उघडली आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘मिसेस कॅली मेब्री.’ मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. समोर तिला ओळखणारे सगळे होते. तिनं धुतलेले शर्ट काहींच्या अंगावर होते.

कुणी हसलं नाही. डीकन टिब्ज यांचे वडील पुढे होते. त्यांनी टोपी काढली. मागून कुणीतरी म्हणालं, “पोरी, परत वाच.” मी परत वाचलं. मग आणखी एकदा. एकानंही विचारलं नाही, मिसेस कुणाची.

या गावाचा दिवस चहाडीशिवाय जात नाही. तरी ही एक गोष्ट त्यांनी बावीस वर्षं पोटात ठेवली. माझी त्यांना दोन आठवडेही ठेवता आली नाही, कारण मी जिवंत आहे आणि माझ्याकडे नोकरी आहे. हे असं का, मला समजत नाही. एकाच गावात दोन गावं असल्यासारखं आहे, आणि माणसं तीच.

मी ओमाहाला येणार नाही. माझी बत्तीस मुलं इथे आहेत. तू आत्याच्या ‘मिसेस’ला राखण बसलायस. तिला राखण लागत नाही. मला लागते.

लुएला

—

ओमाहा
१७ ऑक्टोबर १९३१

लू,

कात्रण सोबत आहे. पहिलं पान, चौकटीत. यूबँक्सनं एकदाच जुळवलं. छापून झाल्यावर तो प्रत हातात धरून उभा राहिला. म्हणाला, “‘चूक’ शब्द चांगला उठलाय. खिळे नवेच आहेत, वापरलेच नव्हते.”

पेपर ज्या गोष्टीवर उभा केला ती लपवलीय असं मी समजत होतो, आणि वाचणारे पहिल्या दिवसापासून जाणत होते. आता मी बावीस वर्षं कुणापासून काय लपवत होतो, तेच कळेनासं झालंय. कुणी परत वाच म्हणालं? तीनदा?

सायरस

(कात्रण)

‘आमची चूक. १८ जुलैच्या अंकात डोव्हर्स फेरीच्या शिक्षिका मिस लुएला मेब्री यांचा उल्लेख मिसेस असा झाला. त्या अविवाहित आहेत व होत्या. या वृत्तपत्राच्या संपादकाने त्यांच्याशी विवाह केलेला नाही, त्यामुळे त्यांना सोडलेलेही नाही. या पत्राने आजवर छापलेल्या बाकी प्रत्येक मिसेसवर हे पत्र ठाम आहे. पहिल्या अंकातल्या पहिल्या ओळीपासून.’

—

डोव्हर्स फेरी
८ नोव्हेंबर १९३१

प्रिय सायरसदादा,

शाळा सोमवारी उघडली. मीच उघडली. बत्तीसपैकी एकोणीस मुलं आली. बाकीची अजून कापसात आहेत.

स्ट्राउड यांनी कात्रण दोनदा वाचलं. मग करार पुढे ओढला, टाक बुडवला, आणि पुन्हा घोळ नको म्हणून कात्रणातलं नाव अक्षर अक्षर बघत उतरवून घेतलं : ‘मिस लुएला मेब्री.’ स्वतःच्या हातानं. खाली सही. शाई वाळेपर्यंत मी उभी होते. मग ते म्हणाले, “लुएला, जाताना दार ओढून घे.”

मी दार ओढून घेतलं. करार घरी आणून तीनदा वाचला. हे छापायचं नाही. छापलंस तर ते पुन्हा कधी लिहिणार नाहीत, आणि मला त्यांच्याकडून ते दरवर्षी लिहून घ्यायचंय.

मिसेस गँटनं केक आणला. कशाबद्दल, ते तिलाही सांगता येईना. म्हणाली, “आता तू नक्की काय आहेस ते मला नको सांगूस, माझं डोकं दुखतं. खा.”

आता या महिन्याची बातमी. काल आम्ही दफनभूमी साफ केली. कॅलीआत्याची लाकडी फळी पार पांढरी पडली होती, अक्षर दिसेना. पुन्हा रंगवायची ठरली. ब्रश डीकन टिब्ज यांच्या हातात होता, कारण त्यांचं अक्षर चांगलं. त्यांनी विचारलं, “नाव काय घालू?” पूर्वी नुसतं ‘कॅली’ होतं, हे सगळ्यांना आठवत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे.

मग टिब्जच मला म्हणाले, “पेपरात काय छापलंय?”

“तुम्हाला माहीत आहे काय छापलंय.”

“मग झालं तर. पेपर ठाम आहे म्हणे.” त्यांनी टोपी काढून शेजारच्या दगडावर ठेवली आणि ‘मिसेस’पासून सुरुवात केली. जागा पुरेना म्हणून ‘मेब्री’ जरा दाटीनं बसलंय.

दादा, हाच माणूस माझा अंक दोरीवरून काढून स्ट्राउडकडे घेऊन गेला होता. काल त्याच हातांनी त्यानं अक्षरांना दोन हात रंग दिला. त्याच्या भाचीला मी लहान मुलांचा वर्ग द्यायचं कबूल केलं. का केलं, विचारू नकोस. मला हे गाव कळत नाही, आणि आता मीही कळेनाशी झाले आहे.

बातमी सोबत जोडली आहे. फळी रंगवणाऱ्याचं नाव मी नुसतं ‘टिब्ज’ लिहिलंय. माझ्या हातून त्याआधी काही लिहवलं नाही. तू छापताना आधी मिस्टर लाव. चौकशी करू नकोस.

तुझी बहीण,
लुएला